चार गावांची एक गोष्ट : लांब राहून मिळून काम करायला कसं शिकायचं

आमची पहिली गोष्ट चार मिनिटांची होती. मजकूर वडगावात लिहिला, आवाज निपाणीतून आला, चित्रं खानापुरात निघाली आणि गोष्टीच्या शेवटी जो पाऊस ऐकू येतो तो कणकुंबीचा, कौलांवर पडलेला, खराखुरा. गोष्ट पुरी होईपर्यंत आम्ही चौघं एका खोलीत एकदाही बसलो नव्हतो. नंतर भेटलो ते येळ्ळूरच्या साहित्य संमेलनाच्या मांडवात, आणि एकमेकांना आवाजावरून ओळखलं.

तेव्हापासून बरेच जण विचारतात, "ताई, आम्हालाही असं काही करायचंय. सुरुवात कुठनं करायची?" विचारणाऱ्यांत कॉलेजातली मुलं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, दिवसभर दुकान सांभाळून रात्री वहीत लिहिणारे आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

बेळगावकडच्या आमच्या सीमाभागात लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांची वाण नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हिमतीवर संमेलनं भरवली आहेत. पण संमेलन संपलं, मांडव उतरला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत प्रत्येकजण आपापल्या वहीशी एकटा. मधले हे महिने इंटरनेटवर कामात घालवता येतात. मात्र एक फरक आधीच लक्षात घ्या. कविता ग्रुपवर टाकणं वेगळं आणि मिळून काही करणं वेगळं. टाकलेल्या कवितेला अंगठे मिळतात, फुलं मिळतात. मिळून करायचं तर आपल्या कामात दुसऱ्याच्या हाताला जागा ठेवावी लागते, आणि त्यानं तो हात कसा घालायचा, हेही आधीच सांगून ठेवावं लागतं. पुढे जे सांगतेय ते सगळं या एकाच गोष्टीसाठी.

पहिले पंधरा दिवस : दुसऱ्याच्या ओळी तपासा

नवीन माणूस स्वतःचं काहीतरी दाखवायला उतावीळ असतो. मी सांगते, थोडं थांबा. आधी मराठी विकिस्रोतावर जाऊन खातं उघडा. खरं नाव नको असेल तर टोपणनाव घ्या, पण एकच घ्या आणि सगळीकडे तेच वापरा, कारण पुढे तुमचं काम त्याच नावानं ओळखलं जाणार आहे.

विकिस्रोतावर हक्कमुक्त झालेली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली असतात. संपादनासाठी पान उघडलं की एका बाजूला छापील पानाचं चित्र दिसतं आणि दुसऱ्या बाजूला यंत्रानं ओळखलेला मजकूर. यंत्र चुकतं. 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो, 'ख' फुटून 'रव' होतो. चित्राशी ताडून ओळ न् ओळ दुरुस्त करायची. कुणी तपासलं नाही तोवर पान लाल दिसतं. एकानं मुद्रितशोधन केलं की पिवळं होतं. दुसऱ्या कुणीतरी पुन्हा पडताळलं की हिरवं. आणि ज्यानं पिवळं केलं त्यालाच ते हिरवं करता येत नाही.

मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं, काम करते, प्रुफं वाचण्यात आयुष्य गेलं, तरी हा नियम मला फार मोलाचा वाटतो. माझ्या नजरेतून सुटलेला काना कुणीतरी अनोळखी माणूस, कदाचित नागपूरचा, कदाचित अमेरिकेतला, रात्री बसून भरतो आणि पान हिरवं करून निघून जातो. आपली चूक दुसऱ्यानं सुधारली तर अपमान होत नाही, काम पुढे जातं, हे दहा-बारा पानं केल्यावर अंगवळणी पडतं. पानाचा 'इतिहास' उघडून बघायची सवय तिथंच लावा. कुणी, कधी, काय बदललं, सगळं तिथं दिसतं.

एवढंसं घ्या, पण पुरं करा

आम्ही सुरुवातीला बारा भागांची श्राव्यमालिका करायला निघालो होतो. दुसऱ्या भागापुढे गेली नाही. कुणाची परीक्षा, कुणाच्या घरी लग्न, कुणाची सुगी. मग चारशे शब्दांची एकच गोष्ट घेतली आणि ती सहा आठवड्यांत पुरी झाली.

म्हणून पहिलं काम लहानच ठेवा. एक चित्र. दीडशे शब्दांचा एक प्रसंग. एका ओवीचं रेकॉर्डिंग. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. धोट्याच्या खटखटाटाचं तीस सेकंदांचं रेकॉर्डिंगसुद्धा पुरेसं आहे. कुणाच्या तरी नाटकात, कुणाच्या तरी माहितीपटात त्याची गरज असते, आणि त्या माणसाला वडगाव कुठं आहे हेही ठाऊक नसतं.

दुसऱ्याला सोबत बोलावताना "काहीतरी मिळून करूया ना" असं म्हणू नका. त्यातून काही निघत नाही. काय आहे, किती आहे, कधीपर्यंत हवं आणि बदल्यात काय, हे चार ओळींत लिहा. खानापूरच्या मैत्रिणीला मी पाठवलेला निरोप असा होता :

"चारशे शब्दांची गोष्ट आहे, सोबत जोडलीय. तीन चित्रं हवीत : जातं, आजीचे हात, अंगणातला पाऊस. काळी-पांढरी चालतील. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. पैसे देता येणार नाहीत. नाव पहिल्या पानावर असेल आणि चित्रं तुझीच राहतील. नको असेल तर मोकळेपणानं नाही म्हण."

शेवटचं वाक्य विसरू नका. नाही म्हणायची मोकळीक दिली की हो म्हणणारा माणूस मनापासून हो म्हणतो.

हे आहे कुणाचं?

ही पायरी कंटाळवाणी वाटते. पण बहुतेक भांडणं इथंच उगवतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ सालचा. त्यानुसार लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क राखलेला असतो. ही ६० वर्षं निधनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायची. म्हणजे एखाद्या कवीचं निधन १९६० साली झालं असेल, तर त्याच्या हयातीत छापलेल्या कविता १ जानेवारी २०२१ पासून सगळ्यांच्या. ध्वनिमुद्रणांची ६० वर्षं मात्र प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. छायाचित्रांना २०१२ सालच्या दुरुस्तीपासून लेखनाचाच नियम लागतो. भाषांतराचा हक्क वेगळा असतो : मूळ पुस्तक मोकळं झालं तरी १९९० साली झालेलं त्याचं मराठी भाषांतर मोकळं होत नाही. 'नेटवर मिळालं' हा तर हक्क नव्हेच. गोष्टीमागे सिनेमातल्या गाण्याची धून लावायचा मोह होईल. लावू नका.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न : आजीच्या ओव्या कुणाच्या? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ओवी कुणा एकाची नाही. पण तुमच्यासमोर बसून जी बाई गाते तिचं ते गाणं तिचं आहे. गाणाऱ्याच्या परवानगीशिवाय ते रेकॉर्ड करून पसरवता येत नाही. कायद्यात कलावंताच्या या हक्कासाठी वेगळी कलमं आहेत. कायदा नसता तरी विचारलं असतंच.

येळ्ळूरच्या एका आजींकडे मी रेकॉर्डिंगला गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "हे कुणाकुणास्नी ऐकवणार गं?" मी म्हटलं, "आजी, जगात कुणालाही ऐकता येईल. कुणी आपल्या नाटकातही घालेल." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूचं नाव येतंय ती ओवी नको. बाकीच्या घे." ती ओवी आम्ही घेतली नाही. परवानगी म्हणजे अशी, तुकड्यातुकड्यानं मिळणारी. एकदा सही घेऊन मोकळं होण्यातली ती नाही. आजींचं बोलणं मी त्याच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ठेवलंय : नाव, गाव, काय चालेल, काय चालणार नाही. लिहिता न येणाऱ्या माणसाची परवानगी अशी त्याच्याच आवाजात घ्यावी.

याबाबतीत आदर्श बघायचा तर हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा बघा. लाखावर ओव्या आहेत. पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या) संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याच वाचता-ऐकता येतात, आणि तिथं गाणारीचं नाव असतं, गाव असतं.

कुलूप किती उघडायचं?

काम तुमचं असेल तर ते दुसऱ्यानं कसं वापरायचं हे तुम्ही ठरवायचं. त्यासाठी जगभर चालणारे तयार परवाने आहेत : क्रिएटिव्ह कॉमन्स, बोलताना 'सीसी'. २००२ साली पहिल्यांदा आले, सध्याची ४.० आवृत्ती २०१३ची. परवाने सहा आहेत, पण अटी चारच. त्यांची जुळणी करून सहा होतात.

'बाय' म्हणजे नाव द्या. ही अट सहाही परवान्यांत आहे. 'एसए' म्हणजे माझ्या कामातून नवं काही केलंत तर तेही याच परवान्यानं खुलं ठेवा. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी वापरू नका. 'एनडी' म्हणजे बदललेली आवृत्ती पसरवू नका.

नवीन माणसाला शेवटच्या दोन अटी सुरक्षित वाटतात. मला त्या आपल्या भागात नुकसानीच्या वाटतात. 'एनडी' लावलीत तर तुमच्या गोष्टीचं कन्नड भाषांतर कुणाला प्रसिद्ध करता येणार नाही, कारण भाषांतर हा बदलच असतो. शेजारच्या घरातलं मूल जी भाषा वाचतं त्या भाषेत आपली गोष्ट जाऊ नये, असं आपल्यापैकी किती जणांना वाटेल? 'एनसी' लावलीत तर पन्नास-शंभर रुपयांना विकला जाणारा गावातला दिवाळी अंकही तुमचं चित्र घ्यायला कचरेल, आणि विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाचं फोटो-आवाजांचं खुलं भांडार, तर 'एनसी', 'एनडी' दोन्ही घेतच नाही. मी स्वतः 'बाय' किंवा 'बाय-एसए' देते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एकदा दिलेला सीसी परवाना मागे घेता येत नाही. तुम्ही काम काढून टाकाल, पण ज्यांनी आधी घेतलं त्यांचा परवाना कायम राहतो. म्हणून जे देताना मनात खळखळ आहे ते देऊ नका. कवितासंग्रह छापायचाय तर त्यातल्या दोनच कविता खुल्या करा. दुसरं, सगळे परवाने एकमेकांत मिसळत नाहीत. 'बाय-एनसी' आवाज आणि 'बाय-एसए' संगीत एकाच मिश्रणात घालता येत नाही, कारण एक म्हणतो धंदा नको आणि दुसरा म्हणतो नवी अट घालू नका. घेण्याआधी परवाना बघा, आणि बघितलेला वहीत टिपून ठेवा.

कुणी प्रकाशक हक्क विकत घेतो म्हणाला तर तोंडी बोलण्यावर जाऊ नका. हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच होतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

ठेवायचं कुठं?

फोटो, चित्र, ध्वनी विकिमीडिया कॉमन्सवर. हे भांडार २००४ पासून चालू आहे आणि कुठल्याही भाषेतल्या विकिपीडियात तिथला फोटो थेट लावता येतो. हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, राजहंसगड यांचे चांगले फोटो तुमच्याकडे असतील तर ते फोनमध्ये ठेवून काय करणार? जुनं साहित्य चढवायचं असेल तर एक ध्यानात ठेवा, ते भारताबरोबर अमेरिकेतल्या कायद्यानंही मोकळं असावं लागतं.

नुसते आवाज फ्रीसाउंडवर. बार्सिलोनाच्या एका विद्यापीठानं २००५ साली सुरू केलेलं हे ठिकाण. शोधायला सोपं, आणि प्रत्येक आवाजासोबत त्याचा परवाना लिहिलेला असतो.

मुलांच्या गोष्टी स्टोरीवीव्हरवर. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेनं २०१५ साली सुरू केलं. तिथल्या गोष्टी 'बाय ४.०' परवान्याच्या, वाचनाच्या चार पातळ्या असतात, आणि मराठी-कन्नड दोन्ही आहेत. चित्रं काढता येत नसतील तर तिथल्याच चित्रांवर नवी गोष्ट लिहिता येते. त्याबद्दल पुढे अजून बोलायचंय.

अक्षर

माझा धंदाच हा, म्हणून आग्रहानं सांगते : मजकूर युनिकोडमध्ये द्या, म्हणजे कुठल्याही फोनवर, संगणकावर तो मराठीतच दिसेल. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत अजूनही श्रीलिपीसारखे फॉन्ट चालतात. छपाईला ते झकास. पण त्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षराचा आकार रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेला असतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की तुमच्या कवितेच्या जागी त्याला रोमन अक्षरांचा भुगा दिसतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण बदलल्यावर पुन्हा प्रुफ वाचाच. जोडाक्षरं हमखास मोडतात.

फोनवर लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक 'दुसर्या'. 'र'ला हलन्त देऊन 'य' लिहिला की रफार होतो. 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला 'र' अर्धचंद्रासारखा हवा असेल तर खाली टिंब असलेला 'ऱ' घ्या, मग हलन्त, मग 'य'. कळफलकावर 'र' दाबून धरला की बहुतेक ठिकाणी तो मिळतो.

आवाज

महागडा माइक नको. फोन पुरे. पण खोली नीट निवडा. पंखा बंद, फ्रिज दुसऱ्या खोलीत, खिडकीला गोधडी. फोन तोंडापासून एक वीत लांब आणि जरासा तिरका, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसत नाही. वडगावात दिवसभर माग चालतात. त्यामुळे वीज गेली की माग थांबतात, गल्ली शांत होते, आणि मी पळत जाऊन फोन लावते. फोनची बॅटरी म्हणून कायम भरलेली असते माझी.

बोलायला लागण्याआधी दहा सेकंद काहीच न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवा. या दहा सेकंदांना फार किंमत आहे. प्रत्येक खोलीची स्वतःची एक शांतता असते : लांबचा रस्ता, ट्यूबलाइटची भुणभुण, रातकिडे. ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात ही दहा सेकंद निवडून आधी त्याला ओळखायला लावायचं की 'हा खोलीचा आवाज', आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगमधून तेवढाच आवाज कमी करायला सांगायचं. सहा ते बारा डेसिबल कमी केलं की बास. जास्त ओढलंत तर माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असं वाटतं. उरलेली शांतता दोन वाक्यांच्या मध्ये जोड द्यायलाही उपयोगी पडते. तिथं एकदम कोरी पोकळी ठेवली तर कानाला लगेच टोचतं.

जोडीदाराला पाठवताना डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक फाइल पाठवा, त्यांत आवाजाचा दर्जा घटत नाही. मोनो डब्ल्यूएव्हीचं एक मिनिट साधारण पाच ते सहा एमबी होतं. एमपी३ ऐकायला ठीक, पण पुन्हा पुन्हा कापाकापी केली की आवाज विरत जातो. चित्रांचंही तसंच : व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि प्रत दोन ठिकाणी ठेवा. त्या येळ्ळूरच्या आजींच्या पहिल्या खेपेच्या एकोणीस ओव्या माझ्या एकाच फोनमध्ये होत्या. फोन बिघडला आणि दुरुस्तीत सगळं पुसलं गेलं. मी पुन्हा गेले. आजींनी काही न बोलता पुन्हा गायला सुरुवात केली, पण चौदाच आठवल्या. पाच ओव्या गेल्या त्या गेल्या. त्या दिवसापासून रेकॉर्डिंग संपलं की आजींच्या उंबऱ्याबाहेर पडण्याआधी मी ते इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर चढवते.

फाइलला नाव देताना 'अंतिम', 'नवीन', 'अंतिम-नवीन' असलं काही नको. गोष्टीचं नाव, कामाचा प्रकार, तारीख. 'मूळ' नावाचा एक फोल्डर करा आणि त्यातल्या फाइलला कुणीही हात लावायचा नाही, स्वतः बनवणाऱ्यानंसुद्धा नाही. बदल करायचा तो प्रतीत.

नाव

एकदा खानापूरच्या मैत्रिणीचं जात्याचं चित्र एका मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापून आलं. नाव कुठंच नव्हतं. ती रडली नाही, चिडली नाही, नुसतं म्हणाली, "मग मी कशाला काढू?" चार महिने तिनं एक रेष काढली नाही. आम्ही मंडळाला पत्र लिहिलं : चित्र वापरलंत याचा आनंद आहे, परवान्यात नाव देण्याची अट आहे, पुढच्या पत्रिकेत द्यावं. त्यांनी दिलं. मुद्दाम केलं नव्हतं त्यांनी. चित्र तीन ग्रुप फिरून आलं होतं आणि नाव वाटेत गळालं होतं. निर्मात्याचं नाव लावण्याचा हक्क कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहेच, पण पहिल्या पत्रात कलम लिहायची गरज पडली नाही.

त्यानंतर आम्ही नाव चित्राच्या आतच, कोपऱ्यात, लहान अक्षरांत घालायला लागलो. आणि प्रत्येक कामाखाली एक ओळ ठेवतो. कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव, कुठून घेतलं, परवाना कुठला आणि काय बदललं. पावसाची ओळ अशी :

"कौलांवरचा पाऊस, कणकुंबी. ध्वनिमुद्रण : (त्याचं टोपणनाव). परवाना : सीसी बाय-एसए ४.०. बदल : सुरुवातीचे वीस सेकंद कापले, आवाज कमी केला."

मिळून केलेल्या कामात कुणाचं नाव आधी, यावरून मनं दुखावतात. कामाला हात घालण्याआधी हे बोलून घ्या. आम्ही कामाप्रमाणे लिहितो : गोष्ट, वाचन, चित्रं, पाऊस. चहा करून देणाऱ्या भावाचंही नाव एकदा घातलं होतं, आणि ते योग्यच होतं, त्याच्या खोलीत रेकॉर्डिंग झालं होतं.

वाचून काय सांगायचं?

'छान', 'अप्रतिम', 'लिहीत राहा' यांनी लिहिणाऱ्याला बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी वही उघडल्यावर काय करायचं ते कळत नाही. मी असं करते : कुठली ओळ आठवत राहिली ते आधी सांगते. मग कुठं अडखळले ते सांगते, आणि ती जागा नेमकी दाखवते. कसं लिहावं हे विचारल्याशिवाय सांगत नाही.

आमच्या गोष्टीत मी लिहिलं होतं, "आजी पहाटे उठून दळण दळू लागली." निपाणीच्या दादांनी वाचून कळवलं, "'पहाटे उठून' म्हणताना माझा आवाज सपाट होतोय. आजी उठली हे आम्हाला कशावरून कळलं?" एवढंच. मी दोन दिवस विचार केला आणि वाक्य बदललं : "जात्याची घरघर कानावर आली आणि आजी उठल्याचं कळलं." वाचणाऱ्याच्या जिभेला जे कळतं ते लिहिणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही.

आपल्यावर अभिप्राय आला की लगेच उत्तर देऊ नका. एक रात्र जाऊ द्या. न पटलेलं सोडून द्यायचा अधिकार तुमचाच आहे, पण "आमच्याकडं असंच म्हणतात" हे उत्तर जपून वापरा. बेळगावी बोलीतला शब्द खरोखर हवा असेल तर तो ठेवाच, बिनधास्त ठेवा. फक्त पुण्याच्या वाचकाला तो वाक्यावरून समजेल अशी जागा त्याला द्या.

शेजारच्या भाषेकडे

दोन भाषा कानावर घेऊन वाढलेली मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि मिळून करायच्या कामात हे फार मोठं भांडवल आहे. स्टोरीवीव्हरवर पहिल्या पातळीची एखादी कन्नड गोष्ट उघडा. एका पानावर एक-दोनच वाक्यं असतात. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारा शेजारी बसवा. तो वाचेल, तुम्ही मराठीत लिहा. दोघांची नावं घाला.

सोपं वाटतं, पण पहिल्याच वाक्याला थांबावं लागेल. कन्नडात आजी नातवंडाला विचारते, "ऊट आय्ता?" समोर मुलगा की मुलगी, लहान की मोठा, काहीच त्या दोन शब्दांत नाही. मराठीत 'जेवलास का', 'जेवलीस का', 'जेवलात का' यांतलं एक निवडावं लागतं. 'जेवण झालं का' म्हणून सुटका होते, पण त्यात आजीची माया थोडी पातळ होते. मग चित्र बघायचं, पुढची पानं वाचायची, आजी कशी आहे ते ठरवायचं, आणि मग लिहायचं, "जेवलीस का गं?" एवढ्या एका वाक्यावर आम्ही अर्धा तास घालवलाय आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

भाषांतर झालं की मूळ लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव आहे तसं राहू द्या, खाली भाषांतरकार म्हणून तुमचं. शक्य असेल तर मूळ कन्नड वाचणाऱ्या कुणाला तरी तुमचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवा.

आमची ती चार मिनिटांची गोष्ट कन्नडात न्यायची ठरली तेव्हा मी शेजारच्या अक्कांकडे गेले. त्यांच्या मुलीनं भाषांतर केलं होतं, अक्का मोठ्यानं वाचत होत्या. 'जातं' या शब्दाच्या जागी 'बीसुकल्लु' आलं आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, त्यांची आईसुद्धा बीसुकल्लावर बसून पदं म्हणायची. दोन ओळी गुणगुणल्या. मी विचारलं, "अक्का, रेकॉर्ड करू? कुणालाही ऐकता येईल हं." त्यांनी मुलीकडे बघितलं, मग मान हलवली. पंखा बंद केला, फोन एक वीत अंतरावर ठेवला आणि आम्ही तिघी दहा सेकंद गप्प बसलो.